जवळचा गोंगाट

“फिजिक्समध्ये पहिला नंबर, वर सुवर्णपदक, आणि आता आमच्याकडे चिखल तुडवायला?” मुलाखत घेणारा तरुण प्राध्यापक हसत म्हणाला. “आकाशातले तारे संपले की काय रे?”

दाइरो किसेनो हसला नाही. समोरची कॉफी केव्हाच निवून गेली होती. त्याने पिशवीतून आपला पदवीचा प्रबंध काढला आणि मधोमध बसलेल्या नुबिया ग्रिसालेसबाईंपुढे सरकवला. दरडी कोसळलेल्या गावांतून तीस वर्षं फिरलेली बाई. मानिसालेस शहरातल्या विद्यापीठाच्या त्या इंजिनिअरिंग विभागात पुढच्या पदवीला कुणाला घ्यायचं, ते त्याच ठरवत.

“एक्केचाळिसावं पान बघा, बाई.”

पानावर जमिनीच्या कंपनांच्या महिनाभराच्या नोंदींचे दोन आलेख होते. वरचा नुसता काट्याकुट्यांनी भरलेला. खालचा स्वच्छ. दूर समुद्राच्या तळाशी झालेले चार-पाच भूकंप त्यात वेगवेगळे मोजता येत होते. त्याच आलेखाने दाइरोला पदक मिळवून दिलं होतं.

“भूकंपमापक यंत्र ग्रानादियो गावात ठेवलं होतं, डोंगरउताराच्या पायथ्याशी,” तो म्हणाला. “मला लांबचे भूकंप हवे होते. जवळचा सगळा गोंगाट, ट्रक, गुरं, पाऊस, मी प्रोग्रॅम लिहून गाळून टाकला.”

बाईंनी चष्मा चढवला. खालच्या आलेखाकडे त्यांनी पाहिलंही नाही. वरच्या आलेखावरून त्यांचं बोट सावकाश सरकत गेलं. बारीक बारीक ठोके, शेवटच्या आठवड्यात दाट होत गेलेले. बोट थांबलं.

“हा ट्रक नाही.”

“नाही. डोंगर सुटत होता. प्रबंध दिला, त्यानंतर नऊ दिवसांनी खाली आला. मग मी गाळलेलं सगळं पुन्हा उघडून बसलो.”

तरुण प्राध्यापक खाली बघू लागला. किती घरं गेली, हे कुणी विचारलं नाही. ग्रानादियोचं त्या शहरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“तुझे सर काय म्हणाले होते हे पान बघून?”

“काम फार स्वच्छ आहे, म्हणाले.”

बाईंनी अर्ज ओढून घेतला, सही केली. “सोमवारपासून ये. गमबूट आण.” मग पेन तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, “यंत्र कुणाच्या घरी होतं?”

“रोसाल्बाकाकूंच्या. कोंबड्यांच्या खुराड्यामागे. दर शनिवारी नोंदी उतरवून घ्यायला जायचो. राजमा-भात पोटभर खाऊ घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत.” त्याने प्रबंध मिटला. “त्या अजून सापडल्या नाहीत.”

“त्यांनी कधी विचारलं नाही, हे काय करतं म्हणून?”

“दर शनिवारी विचारायच्या. ‘काय ऐकतंय रे पोरा, तुझं यंत्र?’ मी म्हणायचो, ‘लांबचं, काकू. इथलं काही नाही.’”