ठिपका वाळला

रंगारी त्या दुपारी घरी पोचलाच नाही. पण ते सोडा, तसं काही झालंच नाही. बायको सांगते, तो अगदी वेळेवर आला आणि हात धुऊन जेवायला बसला.

काम साधं होतं. वस्तीवस्तीत शहराचा नकाशा लावलेला, त्यावर ‘आपण येथे आहात’ असा लाल ठिपका द्यायचा. सकाळपासून त्याने विणकरांची आळी, बंदर आणि पुस्तकांचा बाजार उरकला. नाटकगृहांच्या रस्त्यावर येईतो पोटात कावळे ओरडायला लागले. मग गंमत म्हणून त्याने तिथल्या नकाशात ठिपका थेट आपल्या घरावरच दिला.

"तेवढंच लवकर पोचू," असं म्हणत तो हसतहसत पुसायला गेला. ठिपका वाळला होता.

उशीर होईल असं सांगायला त्याने बायकोला फोन लावला.

"अहो, समोर बसून जेवताय आणि फोन कसले करता?" ती म्हणाली.

"कोण गं?" मागून त्याचाच आवाज आला. तोंडात घास होता.

"तुम्हीच."

"मग ठेव. जेवण गार होतंय."

तो घराकडे धावत सुटला, पण घर काही येईना. बाजारात, बंदरावर, आळीत, सकाळचे सगळे ठिपके गायब होते. तो नकाशापुढे उभा राहिला, तरी माणसं त्याच्या आरपार नकाशा वाचत होती.

शेवटी त्याने कामाच्या चिठ्ठीमागे अर्ज लिहिला:

‘मा. नकाशा विभागप्रमुख यांस: प्रत्यक्ष पाहणी करून, घरी जेवत असलेल्या अर्जदारास ताटावरून उठवावे व येथे उभ्या असलेल्या अर्जदारास तेथे बसवावे, ही नम्र विनंती.’