वृंदाचा हात

माशाच्या इवल्याशा अंड्यात सुईने जनुकं टोचण्याची कला वृंदाने चार वर्षं खपून मिळवली होती. सरांच्या सांगण्यावरून काल तिच्या हातांची ती स्मृती यंत्राने नव्या संशोधक इशरतच्या मेंदूत उतरवली. आज सकाळी इशरतने पन्नास अंडी टोचली. एकही फुटलं नाही.

"काय हात आहे हिचा," सर वृंदालाच म्हणाले. "नवा प्रयोग हिच्याकडेच देतो."

वृंदाचा नुसता जळफळाट झाला.

सर गेल्यावर इशरत हळूच म्हणाली, "ताई, सुई उचलली की मला रडू येतं. का, ते कळत नाही."

वृंदाला कळलं. पहिलं वर्षभर अंडी फुटायची आणि ती याच टेबलाशी गुपचूप रडायची.

"होईल सवय," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.