मिरच्यांची धुरी

केरबाने बिळात मिरच्यांची धुरी सोडली तशी घरोघर फिरणारी आरोग्यसेविका आशाताई ओरडली, "अहो, हुसकू नका! रानउंदीर जातील तिथं हंताचा विषाणू जाईल. त्यानं ताप येतो, श्वास कोंडून माणूस दगावतो."

"जाऊ देत की बांधापलीकडं!" केरबा खिदळला. तिथे त्याच्या थोरल्या भावाचं घर होतं. भाऊबंदकीला इतकी स्वस्त फौज मिळत नाही.

मागे रेंगाळलेल्या उंदरांची डोकी त्याने दांडक्याने मन लावून चेचली. लेंगा रक्ताने माखला. पलीकडून वहिनीच्या किंकाळ्या आणि काठ्यांचे दणके ऐकून त्याला जेवण गोड लागलं.

दोघांचे वडील, आप्पा, एकेक महिना एकेका मुलाकडे राहत. पहिल्या तारखेला भावाने त्यांना केरबाच्या दारात आणून टेकवलं. अंग तापलं होतं, श्वास पुरत नव्हता.

"बरं झालं तुझी पाळी आली, केरबा," आप्पा धापा टाकत म्हणाले. "तिकडं उंदीर फार झालेत रे."