ब्रेक न लावता

थेंबकाकांची मोटरसायकल मैदानाच्या कडेला येऊन दोन आचके देऊन बंद पडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद पडल्याचं एवढं कौतुक काकांच्या लेकीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. बाकीच्यांच्या गाड्या केव्हाच थंडावून रस्त्याकडेला लागल्या होत्या. काका जिंकले होते. म्हणजे ती हरली होती.

शर्यत वेगाची नव्हतीच. प्रत्येक गाडीला टाकीऐवजी पाव लिटर पेट्रोलची बाटली जोडलेली. वसाहतीभोवतीच्या रस्त्याने फेऱ्या मारत राहायचं, ज्याची गाडी सगळ्यात लांब जाईल तो पहिला. मोटरसायकलवाल्यांच्या मासिकात कित्येक अंक एकच वाद धुमसत होता. ॲव्हरेज गाडी देते की चालवणाऱ्याचा हात? नव्या गाड्यांवाले कंपनीचे आकडे तोंडावर फेकत होते, जुने लोक ‘आमच्या वेळी’ सोडायला तयार नव्हते. वाचकांची पत्रं शिव्यांच्या काठाला येऊन टेकली, तेव्हा मासिकाच्या वार्ताहराने दोन्ही पक्षांना सरळ रस्त्यावरच बोलावलं.

थेंबकाका हे नाव त्यांच्या मोटरसायकल क्लबातल्या मंडळींनी ठेवलेलं. पेट्रोलचा एक थेंब वाया गेला तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. ब्रेक लावणं म्हणजे जाळलेलं पेट्रोल मातीत घालणं, असं ते भेटेल त्याला ऐकवत. लांबूनच रस्ता वाचायचा, मूठ आधीच सैल सोडायची, ब्रेकची वेळच येऊ द्यायची नाही. बायको असताना तिलाही मागे बसवून हेच ऐकवायचे. ती म्हणायची, माझ्यापेक्षा गाडीशी जास्त गोड बोलता. त्यात काही खोटं नव्हतं.

लेकीचं म्हणणं साधं होतं. पंच्याहत्तरी उलटली, आता गाडी पुरे. मागच्या महिन्यात फाटकाच्या खांबाला घासून आले आणि वर खांबालाच नावं ठेवली. त्याआधी शेजाऱ्यांच्या मोटारीचा आरसा उडवला. “आरसे असे बाहेर काढून ठेवतात का कुणी?” हेच त्यांचं उत्तर. तिने किल्ली लपवून पाहिली, तर त्यांनी दुसरी करून आणली आणि तिच्यासमोर बोटात फिरवली.

“घरात बसवलंस ना, तर कोपऱ्यातली छत्री होईन मी,” ते म्हणाले होते. “नुसतं भिंतीला टेकून राहायचं. पाऊस आला तरच कुणीतरी विचारणार.”

शेवटी ठरलं. हरले तर गाडी विकायची. जिंकले तर हा विषय तिने जन्मात काढायचा नाही. तिने हसत हसत कबूल केलं होतं. वीस वर्षांची म्हातारी गाडी, त्यावर तिच्याहून म्हातारा स्वार, आणि समोर नवी कोरी यंत्रं. काळजी करण्यासारखं काही तिला त्यात दिसलं नव्हतं.

“मग काय म्हणतात औषधवाल्या बाई?” हेल्मेट काढत काकांनी विचारलं. लेकीचं औषधाचं दुकान होतं, आणि ते खुशीत आले की तिला असंच म्हणत. केस घामाने कपाळाला चिकटलेले, चेहरा मात्र परीक्षा पास झाल्यासारखा.

“काही नाही, बाबा. शब्द म्हणजे शब्द.”

“मग तोंड का पाडलंस?”

“पाडलेलं नाही. आहेच तसं. तुमच्यावर गेलंय.”

ते खूश होऊन हसले. तीही हसली. पण यापुढे दुकानातला फोन वाजला की आधी बाबांची गाडीच डोळ्यांपुढे येणार होती, आणि तोंड उघडायची सोय तिने स्वतःच्या हाताने घालवली होती.

तेवढ्यात वार्ताहर आपला मोबाइल नाचवत आला. उतारावर कुणी इंजिन बंद करू नये म्हणून प्रत्येकाच्या मागे दुसऱ्या गाडीवरून लक्ष ठेवायला एकेक जण होता. काकांच्या मागे हा स्वतः होता, हेल्मेटवर कॅमेरा लावून.

“सगळ्यांनी हे बघा. वाद इथेच मिटतो.”

माणसं दाटीवाटीने उभी राहिली. पडद्यावर काकांची ताठ पाठ. डावीकडून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडायला लागली. काका त्याच संथ चालीने पुढे गेले आणि तिच्या मागून, हातभर अंतरावरून, निघून गेले. चित्र मात्र गदकन हललं.

“तो धक्का माझा,” वार्ताहर म्हणाला. “मी करकचून ब्रेक दाबला. यांचा मागचा दिवासुद्धा लागला नाही. याला म्हणतात हात.”

“मानलं, काका,” नव्या गाडीवाल्यांपैकी एकजण म्हणाला. “गाडी-बिडी काही नाही. हातच.”

काकांनी मोबाइल घेतला. नाकाशी धरला.

“परत लावा.”

वार्ताहराने लावला.

“अजून एकदा.”

लेकीला वाटलं, झालं, आता महिनाभर जेवताना हेच ऐकायचं. काकांचा अंगठा पडद्यावर त्या ढकलगाडीपाशी थांबला होता.

“लेखाची सुरुवात मी इथूनच करणार,” वार्ताहराने खिशातून पेन काढलं. “बाई वेळेत पलीकडे जाणार, हे तुम्हाला नेमकं कुठे कळलं? तेवढं सांगा.”

काकांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

“लिहा,” ते म्हणाले, “बाई मला दिसलीच नाही.”