दारावरची डबी

“उघडा की हो, मी आलेय दळण घेऊन,” मी दार वाजवत म्हणाले.

हे आत कडीशी उभे होते. तेवढ्यात दारावरच्या डबीतून माझाच आवाज आला, “अहो, मी गिरणीत गेलेय. लगेच येते. तोवर बाहेर पडू नका, कुणालाही दार उघडू नका.”

यांना विसरण्याचा आजार. मागच्या महिन्यात एकटेच बाहेर पडले ते एसटी स्टँडवर सापडले. म्हणून नातीनं ही डबी बसवली. आतून कुणी दाराजवळ आलं की ती माझ्या आवाजात बोलते. आधी कागदच चिकटवणार होतो. पण मी साठीला अक्षरं शिकले आणि हे आता ती विसरले.

“ऐकलंत ना, बाई?” खिडकीशी येऊन ते म्हणाले. “आमची ही नको म्हणते. तिचा शब्द मोडला तर घर डोक्यावर घेईल.”

“अहो, मीच ती!”

ते हसले. “तिचा आवाज मला कळत नाही होय?”

उन्हानं पाय पोळत होते, कडेवर पिठाचा डबा होता. त्यांनी गजांतून पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी पिताना ते माझ्याकडे बघत राहिले, परगावच्या बाईकडे बघावं तसं.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“एकटीच असते,” मी म्हणाले.

“मग जाऊ नका. ती येईलच इतक्यात. दोन घास खाऊनच जा.”

मी डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसून तिची वाट बघू लागले.