दुसरा गोलकीपर

एकेकाने किती खेळाडू ठेवायचे, यावर दुपारचे तीन वाजले तरी एकमत होईना.

भवानी पेठेत शिवानंदच्या घरी, पुढच्या खोलीत चौघं कागद पसरून बसली होती. शिवानंद, त्याची बायको सिद्धेश्वरी आणि दोघे मित्र, गुरुशांत आणि मृत्युंजय. खेळ फोनवरचा. खरे फुटबॉलवाले तिकडे इंग्लंडात घाम गाळायचे आणि यांनी इथे शेंगा खात त्यांना आपसात वाटून घ्यायचं. ज्याच्या वाट्याचा गडी चांगला खेळेल, त्याला गुण. एक गडी एकाच्याच वाट्याला. खेळणारे एकूण दहा जण होते. बाकीचे सहा आपापल्या घरी निर्णयाची वाट बघत होते.

खिडकीजवळच्या खुर्चीत शिवानंदचे वडील महादेवप्पा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता. पान मघापासून उलटलं नव्हतं.

गेल्या हंगामात गुरुशांत नोकरीच्या कामाने बंगळुरूला होता. "अप्पा, तेवढी माझी टीम सांभाळा की," असं तो सहज बोलून गेला. अप्पांनी ती अशी सांभाळली की टीम पहिली आली. बक्षिसाची चादर गुरुशांतच्या घरी गेली, कारण नाव त्याचं होतं. अप्पांना वाईट वाटलं. चादरीचं नाही, नावाचं. यंदा त्यांना स्वतःची टीम हवी होती. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी 'मलाही घ्या' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

"पंधराच राहू दे," मृत्युंजय म्हणाला. "अकरा खेळणारे, चार राखीव. त्यात गोलकीपर दोन."

"दहा जणांचे दोन-दोन, म्हणजे वीस," शिवानंदने बोटांवर मोजलं. "क्लब वीस, म्हणजे खेळणारे गोलकीपरबी वीसच. बरोब्बर बसतंय. आता अकरावा कुणी आला तर मात्र त्याला द्यायला गोलकीपर नाही बघ."

"येतंय कोण अकरावं?" गुरुशांत हसला.

महादेवप्पांनी पेपरची घडी घातली.

"त्या दुसऱ्या गोलकीपरचं काय करता रे तुमी?"

"काय नाही, अप्पा. बसून असतो. पहिल्याला लागलं, तर याला उतरवायचं."

"वर्सात किती येळा?"

"दोनदा, तीनदा. कधी एकदाबी नाही."

"आन् तेवढ्यासाठी वर्सभर बांधून ठेवायचा त्याला?"

अप्पांनी गिरणीत अकरा वर्षं बदली कामगार म्हणून काढली होती, हे खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेत. नसला तर भरलेला डबा घेऊन घरी परत. जे कायम झाले, त्यांची नावं हजेरीच्या पुस्तकात असत आणि नावासमोर ते सही करत. बदलीवाल्याला नुसता कार्डाचा नंबर. अप्पा कायम होण्याआधी गिरणीच बंद पडली.

"गोलकीपर एकच ठेवा," अप्पा म्हणाले. "गडी चौदा. म्हंजे नऊ गोलकीपर मोकळे राहत्यात. ज्याचा जायबंदी होईल, त्यानं त्यातला उचलावा. कुणाचंच अडत न्हाय."

"दहा, अप्पा," शिवानंद म्हणाला. "विसातले दहा गेले, दहा राहिले. नऊ कसे?"

"व्हय की. दहा," अप्पा म्हणाले आणि घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडून बसले. यावेळी तो उलटा धरला गेला होता.

सिद्धेश्वरीने कागदावरून मान वर केली. गेल्या हंगामभर दर सोमवारी सगळ्यांचे गुण ती फोनवर बघायची आणि तिच्या आधी सासरे ते तोंडी सांगून मोकळे व्हायचे. एकदाही चुकले नव्हते. असा माणूस विसातून दहा वजा करताना चुकेल? तिने सासऱ्यांकडे पाहिलं, उलट्या पेपरकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली,

"नऊच. मामांचं बरोबर आहे."

"अगं, विसातनं दहा..."

"विसातनं अकरा," ती म्हणाली.

शिवानंदला कळायला थोडा वेळ लागला. गुरुशांतला आधी कळलं. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"एवढं बोलायला काय झालं होतं ओ, अप्पा?" तो हळूच म्हणाला.

अप्पांनी पेपर सरळ केला.

"मग चौदाच करू," मृत्युंजय म्हणाला. "मी बाकीच्यांना कळवतो."

त्याने निरोप टाकला. पाच-सहा मिनिटांत सगळ्यांचे होकार आले. एकाने तर 'अप्पा आले म्हणजे आपण बुडालो' असंही कळवलं.

सिद्धेश्वरीने कागदावर पंधरा खोडून चौदा केलं. खाली दहा नावं होती. दहाव्याखाली तिने अकरा आकडा घातला आणि ठळक अक्षरात 'महादेवप्पा' असं लिहिलं.

महादेवप्पा उठून टेबलाशी आले. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि आपलं नाव वाचलं. मग वरची दहा वाचली. पुन्हा आपलं वाचलं.

"सही कुटं करायची?" त्यांनी विचारलं.

"याला सही लागत नाही, अप्पा," शिवानंद म्हणाला.

सिद्धेश्वरीने पेन त्यांच्या हातात दिलं आणि नावासमोरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं करा, मामा."