मायचा पाळणा

अमरावतीला शिकणारी पोरगी, अपेक्षा, दर रविवारी चर्चमध्ये जाते, हे कळल्यापासून गजेंद्रच्या मनात पाल चुकचुकत होती. पोरगी बाटली की काय? शेवटी त्यानं अकोटहून अमरावतीची एसटी धरली आणि थेट चर्चचं दार गाठलं. आत अपेक्षा चारचौघींसोबत गात होती. शब्द परके होते, पण चाल ऐकून त्याचं टाळकंच सरकलं.

“माह्या मायचा पाळणा ह्यायले काहून शिकवला तू?”

“मी नाई शिकवला, बाबा. आजीचा पाळणा ऐकू आला, म्हणूनच तं आत आली मी.”

पेटीवर बसलेले म्हातारे फादर हसले. “चाल एका जर्मन संगीतकाराची आहे, दीडशे वर्षांपूर्वीची. आम्ही तिच्यावर प्रार्थनेचे शब्द बसवले. आमच्या अनाथाश्रमात सिस्टर हीच गाऊन पोरींना निजवायच्या. तुमच्या आईचं माहेर कुठलं?”

“तेल्हाऱ्याचं!” गजेंद्र गुरकावला.

तेल्हारा अकोटहून तासाभरावर. पण तिकडून आजवर एक पाहुणा आला नव्हता. आणि दर भाऊबीजेला माय अंगणात उभी राहून चंद्रालाच ओवाळायची.